गुडघेदुखीत 'हलका व्यायाम' म्हणजे नेमका किती?

संपादक महोदय,

गुडघ्याच्या संधिवातावर लिहिताना 'हलका व्यायाम करा, वजन आटोक्यात ठेवा' एवढ्यावर विषय संपवला जातो. हलका म्हणजे किती आणि दुखलं तर थांबायचं का, हे सांगितलंच जात नाही. मग माणूस जोमाने सुरुवात करतो, गुडघा सुजतो आणि चालणंही सुटतं.

कूर्चेत, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर भार पडतो, उतरतो, तसा आतला द्रव कूर्चेत खेळतो आणि तिचं पोषण होतं. चालतानाचे हादरे झेलण्याचं बरंचसं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. बसून राहिलं की तेच आधी रोडावतात. त्यामुळे दीर्घ विश्रांती हा उपचार नव्हे.

दुखणं शून्य ते दहा असं मोजा. व्यायाम करताना चार-पाचपर्यंत गेलं तरी चालतं, मात्र २४ तासांत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. दुसऱ्या दिवशी सूज किंवा ठणका वाढला, तर व्यायाम बंद करू नका, निम्म्यावर आणा.

सगळ्यात उपयोगी व्यायाम खुर्चीतून उठ-बस करण्याचा. खुर्ची भिंतीला टेकवा, जड जात असेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. हात छातीशी, गुडघे पावलांच्या रेषेत. दोन सेकंदांत उठा, चार सेकंदांत बसा. आठ ते दहा वेळा, अशा दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. बहुतेकांचं चुकतं ते बसताना: शेवटच्या वीतभरात अंग सोडून देतात. खरी ताकद त्या सावकाश बसण्यातच येते. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरवड्यात निकाल मागू नये.

सलग अर्धा तास चालवत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला. सायकलची सीट खाली ठेवणं ही नेहमीची चूक. पॅडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा, नाहीतर वाटीवर दाब येतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. (छापील चित्रांतही ती कित्येकदा उलट दिसते.) हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं खरं, पण त्या सवयीने पाय सरळ होईनासा होतो.

वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. वेदनाशामक गोळ्यांआधी लावायचं मलम वापरून पाहावं; मूत्रपिंड, रक्तदाब किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेतच. कूर्चा 'भरून काढणाऱ्या' महागड्या पुड्यांवर खर्च करण्याजोगा पुरावा आम्हाला दिसत नाही.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला, सांधा अडकून हलेनासा झाला, पोटरी सुजली किंवा पडल्यावर पाय टेकवेनासा झाला, तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपले,
दोन फिजिओथेरपिस्ट