दुपारच्या फोनबद्दल

कोल्हापूर, शनिवार

प्रिय सुधीर,

सलाम.

त्या दिवशी फोन मी कट केला नव्हता, बॅटरी संपली. आई म्हणाली, लिहून कळवा, नाहीतर पोराला वाटेल बाप रुसला. रुसलो होतोच, पण बॅटरीही खरंच संपली होती.

चौकातलं घर विकायला काढायचं म्हणालास. पैशाची एवढी घाई का? मंगळवारी तू तीन वाजता फोन केलास, बुधवारीही दुपारीच. ऑफिसला सुट्टी होती का? जाऊ दे, विचारायचं नाही असं ठरवून बसलोय.

घराचं म्हणशील तर आजोबा कोडोलीहून मास्तर म्हणून आले, तेव्हा चर्चची भिंत आणि समोर चिखल. आजी बायबल बाई, बायबल सांगत पायी वाड्या फिरायची. मग मिशनच्या नर्सबाई राहायला आल्या, त्यांच्या सायकली पंक्चर व्हायच्या म्हणून सायकलवाला आला, मग चहाची गाडी, शिंपी. असा हा चौक झाला. आपला पानपट्टीवाला श्रावणी सोमवार करतो, पण नाताळचा तारा पहिला त्याच्याच दुकानावर लागतो. आमच्या आधी लावतो, लेकाचा! तू पाच वर्षांचा असताना घंटेच्या दोराला लोंबकळलास आणि आख्खी गल्ली प्रार्थना चुकली म्हणून धावत आली. मी मारलं तुला. एवढं मारायला नको होतं.

बिल्डरला आकडा विचारून ठेवलायस, असं रूथ आईला म्हणाली. विचारलास ते ठीक. पण बाबा, कर्ज काढताना माणसानं अंथरूण बघावं, दोन-दोन गाड्या कशाला, पुण्यात रिक्षा मिळत नाहीत का... बघ, सुरू झालो. माफ कर. पुण्यात फ्लॅट घेतलास तेव्हा चर्चमध्ये पेढे मीच वाटले होते, दोनदा वाटले.

संडे स्कूलला तुम्हा पोरांना त्या अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेबांची गोष्ट सांगायचो. अर्धीच सांगायचो, पोरांना काय कळणार म्हणून. १८५२ ला ते कोल्हापुरात आले, १८५७ ला तब्येत बिघडून अमेरिकेला परतले, आणि ते तिकडं असतानाच त्यांना पाठवणाऱ्या मिशन मंडळानं इथलं काम बंद करायचं ठरवलं. म्हणजे नोकरीच गेली की. तरी १८६१ ला ते पुन्हा इथंच आले, कुणाच्या पगारावर नाही, स्वतःच्या हिमतीवर. पाठीवर हात ठेवणारं दुसरं मंडळ मिळायला १८७० उजाडलं. मधल्या काळात, १८६३ ला, त्यांचा मुलगा रॉबर्ट जन्मला, इथंच. त्या नऊ वर्षांत घर कसं चालवलं असेल, ते मी परवा रात्रभर मोजत होतो. तसं काही झालं असेल तर... झालं नसेल. मी आपला म्हातारपणी काहीबाही जोडत बसतो.

माझ्या पेन्शनमधली एफडी मार्चमध्ये सुटते. आईला माहीत नाही. तू मागितली नाहीस, मीच सांगतोय.

घराचं समोरासमोर बोलू. ईस्टरला सगळे या. छोटीला पांढरा रस्सा आवडतो, तिखट बेतानं करायला सांगतो.

आईचा गुडघा बराय. पत्र मिळालं की फोन कर, पण संध्याकाळी कर.

नको, दुपारी केलास तरी चालेल.

तुझा,
पप्पा