भोपळा घेऊनच या

पुणे, २८ एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर डोळ्यांचा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि गाडी एकतारीवर नेतात. म्हणून आज लिहायलाच बसले. बाबा, ऑपरेशनची तारीख मी घेऊन टाकली आहे. मेचा तिसरा आठवडा, आधी उजवा डोळा. दादाशी बोलणं झालंय, तो रजा टाकून तुम्हाला दोघांना आणायला येईल. रागावू नका. रागावलात तरी या.

मोतीबिंदू अजून पिकला नाही, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पण पिकायची वाट बघायचे दिवस कधीच गेले. उलट फार पिकला की तो टणक होतो आणि काढायला जड जातो, असं इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी ऐकून लगेच मान डोलवली असं समजू नका. तुम्ही विचारले असते ते सगळे प्रश्न मी विचारले, तुमच्या त्या खोचक सुरात. भूल फक्त डोळ्यापुरती असते, संध्याकाळी घरी यायचं. साखर तेवढी ताब्यात हवी.

आणि मला सांगा, दिवाळीत ओसरीवर आपण नव्या एकतारीसाठी भोपळा कापायला बसलो तेव्हा पेन्सिलीची रेघ तुम्ही बोटाने का चाचपत होता? मी काही बोलले नाही, करवत हातात घेतली. दांडीला खुंटीचं भोक गिरमिटाने तुम्ही पाडलंत, ते तिरकं गेलं, तर म्हणे बांबूच वाकडा! आई आत हसत होती, मला ऐकू आलं. आजोबांच्या एकतारीचं जे झालं ते झालं, त्यावर मी पुन्हा काही बोलणार नाही. पण ही नवी नीट व्हायला हवी असेल तर आधी डोळे.

आता तुमची खरी अडचण. चामडं उन्हाळ्यातच मढवायला हवं, पावसाळ्यात दमट हवेने ते सैल पडतं, तार उतरते. कबूल. पण चामडं रात्रभर भिजवून, ताणून बांधलं की सावलीत वाळवायचं, उन्हात तडकतं, हेही तुम्हीच शिकवलंत ना? मग मेच कशाला? पाऊस सरला की ऑक्टोबरात मढवू. तोवर इतकं काम आहे. भोपळ्याच्या आतला गीर मी चमच्याने खरवडून काढला खरा, पण देठाकडे अजून खरखर लागते. खुंटी निमुळती घासायची आहे, तिला खडूची पूड लावून बसवून बघायची आहे. तारेखालची घोडी तर सुरूच नाही. हे सगळं मी करीन, तुम्ही खुर्चीत बसून चुका काढायच्या. ते तुम्हाला जमतं.

लहानपणी डालडाच्या डब्याचं तुणतुणं तुम्ही मला एका दुपारीत करून दिलं होतं. डब्याची दोन्ही तोंडं कापलीत, एका तोंडाला चामडं, त्यातून तार, बाजूला काठी आणि वर खुंटी. काठी दाबली की सूर हलायचा आणि मी ‘बाबा, रडतंय’ म्हणायचे. पत्र्याची कड मला लागू नये म्हणून तुम्ही ती हातोडीने ठोकून आत वळवली होती आणि स्वतःचा अंगठा कापून घेतला होता. आई, तू त्यावर हळद दाबलीस आणि ओरडलीस मात्र मला! त्या अंगठ्याकडे माझं अजून लक्ष जातं.

मिरजेचंही ठरवून टाकलंय. हिवाळ्यात दुसरा डोळा आटोपला की तार आणायला आपण सतारमेकर गल्लीतच जायचं. तार पुण्यातही मिळते, ठाऊक आहे. पण तलवारींना धार लावणारे शिकलगार सतारीकडे कसे वळले, ही गोष्ट तुमच्या तोंडून तिथे उभं राहून ऐकायची आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्ही घरचं कार्य असल्यासारखे सगळ्यांना फोन करत होतात.

इथली काळजी करू नका. पुढची खोली तुमची. कमोड बसवून घेतलाय, शेजारी धरायला दांडा आहे. लिफ्ट आहे. आई, तुझ्यासाठी तुळस आणली, गॅसचा ओटा तुला उंच वाटेल म्हणून पाट ठेवलाय. पण पाटावर चढायचं नाही, बसून भाज्या निवडायच्या. ज्वारी आपल्याकडचीच आण, इथली तुम्हाला गोड लागत नाही. विठ्ठलवाडीचं देऊळ रिक्षाने जवळ आहे. आषाढीला पंढरपूर चुकणार, हे लिहिताना माझाच हात अडखळला. पण पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. गर्दी ओसरल्यावर नाना पेठेत, निवडुंग्या विठोबापर्यंत जाऊन येऊ, काळा चष्मा लावून. डोळ्यात धूळ गेलेली चालायची नाही.

बाबा, आता नीट ऐका. निघेपर्यंत पॉलिशपेपर हातात घ्यायचा नाही. शिडीवर चढायचं नाही. चहात साखर नाही, ‘अर्धा चमचा’ पण नाही. ऑपरेशननंतर महिनाभर थेंब वेळच्या वेळी, डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही, जड उचलायचं नाही. भोपळासुद्धा नाही. तो हलका असतो हा वाद मी घालणार नाही.

खर्चाचा विषय काढू नका. दादाने आणि मी तो मिटवलाय. आणि परत जायचं म्हणालात की परत नेऊन सोडू, कोंडून ठेवणार नाही. वाड्याची किल्ली काकूंकडे द्या.

तुमची,
चिमी

ता. क. आई, हे तुझ्यासाठी. भोपळा जुन्या गोधडीत गुंडाळून गाडीत मांडीवर घे, डिकीत नको. गिरमिट, करवत आणि शिसवाचा तुकडा बाबांच्या नकळत पिशवीत घाल, नाहीतर त्या निमित्ताने आणखी आठ दिवस निघतील. साखरेचा शेवटचा रिपोर्ट देव्हाऱ्यामागे ठेवला असशील, तोही आण.