जुनी नियतकालिके छापायची तर अख्खा अंक छापा

प्रति,
मा. मराठी भाषा मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

‘सुधारक’, ‘दीनबंधु’, ‘समाजस्वास्थ्य’ अशी नियतकालिके शासनाने पुन्हा छापावीत, ही मागणी आम्ही करतोच. पण त्यांचे ‘निवडक’ खंड कृपया काढू नका. अंक जसाच्या तसा छापा. डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग असे, त्यांच्याच ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. निवड करताना पहिली कात्री लागते ती अशाच मजकुराला. मग वाचकांची पत्रे, वर्गणीचे दर, जाहिराती जातात, आणि लेख कोणाला उत्तर म्हणून लिहिला होता तेच कळेनासे होते. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ 1990 साली शासनानेच खंडरूपाने उपलब्ध केली होती, म्हणजे वाट नवी नाही.

काम बिघडते ते स्कॅनिंगमध्ये. निविदेत नुसते ‘स्कॅन करणे’ लिहिले की पाने कमी रिझोल्यूशनने, निव्वळ काळ्या-पांढऱ्यात येतात. 1962च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले; त्याआधीच्या मजकुरात ते ओळीओळीला आहेत. पिवळ्या कागदावरचा ठिपका आणि अनुस्वार अशा प्रतिमेत सारखेच दिसतात, रफार तर पुसूनच जातो. म्हणून किमान 400 डीपीआय (इंचामागे 400 ठिपके), रंगीत, टिफ या प्रतिमा-फाइलीच्या स्वरूपात, ही अट लेखी हवी. पानामागे काळा कागद धरला की पाठची अक्षरे उमटत नाहीत; इतकी साधी गोष्टही सांगावी लागते. ठिसूळ खंड काचेखाली सपाट दाबला तर पाने शिलाईजवळ तुटतात. त्यासाठी खंड अर्धाच उघडा ठेवणारी ‘व्ही’ आकाराची बैठकच लागते.

त्याआधी पानवार यादी करावी. जुनी बांधणी करताना मुखपृष्ठे फाडली गेली, कडा छाटल्या गेल्या. एका ग्रंथालयात नसलेले पान दुसरीकडे सापडू शकते, म्हणून पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई आणि ठाण्याची मराठी ग्रंथसंग्रहालये यांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहाव्यात. तरीही पान मिळाले नाही, तर जागा कोरी ठेवून तसे नोंदवावे.

छपाईत आकार लहान करण्याचा मोह टाळावा. 8 पॉइंटचा मजकूर 70 टक्क्यांवर आणला की 5.6 पॉइंट उरतो आणि वाचणारा खंड मिटून ठेवतो. कागद 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम), किंचित पिवळसर मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा बिनचकाकीचा कागद, चालेल. बांधणी मात्र जुजबंदीचीच, म्हणजे दुमडलेली पाने दोऱ्याने शिवलेलीच हवी. नुसत्या गोंदाने चिकटवलेला जाड खंड पुरता उघडत नाही.

हक्कांची अडचण वाटते तेवढी नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे संपली की मजकूर मोकळा होतो. निनावी आणि ओळख जाहीर न झालेल्या टोपणनावाच्या लेखांना हीच मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून लागते.

शोधता येईल असा युनिकोड मजकूर सोबत द्यावा, पण त्यात मूळ लेखन ‘सुधारू’ नये. ठेकेदाराचे देयक स्कॅन केलेल्या पानांवर न काढता मुद्रितशोधकाने मूळ प्रतीशी ताडून मान्य केलेल्या पानांवरच काढावे. ही अट पहिल्याच निविदेत घालावी, अशी विनंती आहे.

आपले,
जुन्या नियतकालिकांवर काम करणारे संपादक, मुद्रितशोधक आणि ग्रंथपाल