वही अजून माझ्याकडेच आहे

प्रिय बाई,

हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. पण नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आलेल्या आमच्या बायकांना तुमचे उपकार कळावेत, म्हणून आमच्या भाषेतच लिहिते.

1997 साली मी नांदेडची बी.कॉम. पदवी घेऊन अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत घरी बसले होते. एका संस्थेने इंग्रजीची परीक्षा घेऊन मला परत पाठवलं होतं. मग नोकरीसाठी काम शिकवणाऱ्या तुमच्या सेंटर फॉर एम्प्लॉयमेंट ट्रेनिंगमध्ये, सीईटीत आले. आमच्याकडे आता सीईटी म्हणजे प्रवेशपरीक्षा. तुमच्या सीईटीत मी परीक्षा कधी म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "सोमवारी ये."

मेडिकल असिस्टंटच्या वर्गात इंग्रजीचा निराळा तास नव्हता. रक्तदाब मोजताना, नस शोधताना ते तोंडात बसत गेलं. तुम्ही वहीत अवयवांची नावं स्पॅनिश आणि इंग्रजीत लिहून दिलीत, शेजारी मी मराठी लिहिलं. कोणी कालच आलेलं, कोणी चार महिन्यांपूर्वी. ज्याचा हात बसला, तो कामाला लागायचा.

डबा खाताना तुम्ही साल सी प्वेदेसबद्दल सांगायचात. 'जमलं तर निघून जा' असं नाव पडलेली, सॅन होजेतलीच चिखलाच्या रस्त्यांची मेक्सिकन मजुरांची वस्ती. तुमची आई तिथली, फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्यात राबलेली. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझही तिथेच राहायचे. अशाच माणसांना हातात कसब यावं म्हणून 1967 मध्ये फादर अँथनी सोतो आणि रसेल टर्शी यांनी सीईटी उभी केली.

पुढे मी वाचलं, की शाळा अर्धवट सुटलेल्या तरुणांना काम शिकवण्याच्या 'जॉबस्टार्ट' प्रयोगात 13 केंद्रं होती आणि तरुणांची कमाई ठळक वाढली ती सॅन होजेच्या सीईटीतच. सरकारने तीच पद्धत आणखी 12 ठिकाणी नेली, पण तिथे तसा गुण आला नाही. मला नवल वाटलं नाही. माझ्यासाठी तुम्ही एका दवाखान्याला तीनदा फोन केलात, "इंग्रजी सुधारेल, हात आजच बघा" म्हणालात. ते कुठल्या पद्धतीत लिहून ठेवणार?

त्याच दवाखान्यात मी एकवीस वर्षं काम केलं. पहिला पगार झाला, त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. तुम्ही सगळ्या वर्गाला वाटलेत, स्वतःला ठेवलाच नाहीत. वही तेव्हा परत द्यायची राहिली. तिसऱ्या रकान्यात आता पानोपानी मराठी आहे.

तुमची,
नांदेडची विद्यार्थिनी