गराजच्या छताखाली उभं राहून शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि काकू चहा पुढे करतात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांची घरं आमच्यासारखीच आहेत, त्यांनीही ते वाचावं असं मनापासून वाटतं.

डॅलसच्या उत्तरेकडच्या आपल्या या भागात घरांना तळघर नसतं. सामान एकतर गराजमध्ये, नाहीतर छताच्या वरच्या माळ्यावर, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये. मंडळाच्या गणपतीचं मखर, पडदे, समया, दिव्यांच्या माळा हे सगळं यंदापासून आमच्याकडे ठेवायचं ठरलं. पण आमच्या घरी वर जायची एकुलती एक वाट लेकीच्या खोलीतल्या कपाटातून. तिचे कपडे काढा, शिडी आत तिरकी घाला, मग मखराची फळी वळवत वळवत चढवा. गराजच्या छतातूनच वर जाता आलं तर गाडीतून उतरवलेलं सामान थेट माळ्यावर जाईल, एवढा साधा विचार होता. छोटीमोठी कामं करणारा एकजण येऊन बघूनही गेला. दुकानातून घडीची शिडी आणा, दुपारभरात छत कापून बसवतो, म्हणाला. दर बरा होता. तरी तुम्ही आयुष्यभर नगरपालिकेत घरांचे नकाशे तपासलेत, म्हणून त्याला होकार द्यायच्या आधी तुम्हाला फोन केला.

तुम्ही आलात आणि छताकडे न बघता आधी भिंतीशी काय काय ठेवलंय ते बघितलंत. गवत कापायचं यंत्र, पेट्रोलचा कॅन, बार्बेक्यूची टाकी, मुलाच्या इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर, आणि गाडी. मग वर बोट दाखवून विचारलंत, "या छताच्या वरचा माळा कुठपर्यंत जातो?" तो सलग आहे. गराजवरून स्वयंपाकघरावर, तिथून मुलांच्या खोल्यांवर, मधे एकही भिंत नाही. त्या एका प्रश्नानं सगळ्या कामाकडे बघायची माझी नजरच बदलली. गराजमध्ये रात्री काही पेटलं तर आग आणि झोपलेली मुलं यांच्या मधे उभं आहे ते हे छत. त्यात भोक पाडून पातळ प्लायवूडचं झाकण असलेली शिडी बसवली असती तर तेवढ्या जागेपुरतं ते छत नसल्यातच जमा झालं असतं.

नियम तुम्ही ज्या शांतपणे समजावलात, तसा मला कुणी समजावला नसता. इथली बहुतेक गावं इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही घरबांधणीची नियमावली आपापल्या दुरुस्त्यांसह स्वीकारतात. त्यात गराज आणि घर, गराज आणि माळा यांच्या मधे गराजच्या बाजूनं निदान अर्धा इंच जाडीचा जिप्सम बोर्ड, म्हणजे भिंती-छताला लावायचा खनिजाचा ताव, लागतो. गराजच्या डोक्यावर राहती खोली असेल तर पाच-अष्टमांश इंची टाइप एक्स, म्हणजे आगीत जास्त वेळ टिकणारा बोर्ड लागतो. लोक सरसकट फायर-रेटेड छत म्हणतात, पण साध्या अर्ध्या इंची बोर्डाला तासाभराचं रेटिंग, म्हणजे तासभर आग अडवण्याची मान्यता, असते असं कुणी समजू नये, हेही तुम्ही बजावलंत. घरात उघडणाऱ्या दाराबद्दल कोड स्पष्ट बोलतो: 1⅜ इंच जाडीचं भरीव लाकडी किंवा स्टीलचं दार, नाहीतर 20 मिनिटांचं रेटिंग असलेलं. छतातल्या झाकणाबद्दल मात्र गावोगावचे इन्स्पेक्टर वेगवेगळा अर्थ लावतात. कुणी कारखान्यातून रेटिंगचं लेबल लागून आलेली शिडीच मागतो, तर कुणाला छताइतकंच भक्कम झाकण चालतं. "म्हणून करवत हातात घ्यायच्या आधी नगरपालिकेत परमिटच्या टेबलावर फोन," असं म्हणून तुम्ही तिथेच उभ्या उभ्या फोन लावलात.

आणि मग ते जिप्समचं. त्या दिवसाचा हा भाग मी कधी विसरणार नाही. माझा मुलगा म्हणाला, हा तर कागदात गुंडाळलेला खडू आहे, हा आगीला काय अडवणार? तुम्ही त्याला जवळ बसवलंत, बोर्डाचा तुटका तुकडा हातात दिलात आणि विचारलंत, "प्लास्टरची गणपतीची मूर्ती कशाची करतात?" जिप्सम भाजून त्यातलं पाऊण पाणी उडवलं की प्लास्टर ऑफ पॅरिस होतं, आणि त्यात पुन्हा पाणी घातलं की घट्ट होऊन परत जिप्सम. म्हणजे हातातल्या त्या कोरड्याठाक तुकड्यात पाणी आहेच, वजनाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. चार बाय आठ फुटांचा टाइप एक्सचा ताव साधारण 70 पौंडांचा, त्यात सुमारे 14 पौंड पाणी. आग लागली की उष्णता आधी ते पाणी वाफ करून उडवण्यात खर्ची पडते आणि ते संपेपर्यंत बोर्डाची मागची बाजू 100 अंश सेल्सिअसच्या फारशी वर जात नाही. पाणी गेल्यावर साधा बोर्ड तडकतो. टाइप एक्समध्ये काचेचे तंतू मिसळलेले असतात, ते त्याला आणखी काही काळ धरून ठेवतात. मुलगा त्या तुकड्याची मोडलेली कड नखानं खरवडत किती वेळ बघत होता! आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो गराजचं छत दाखवतो आणि यात पाणी आहे म्हणून सांगतो.

मला तुमची आणखी एक गोष्ट फार भावली. छत मोजायच्या आधी तुम्ही मखर मोजलंत. सर्वांत रुंद फळी 18 इंच निघाली, तेव्हा म्हणालात, "मग वरचं लाकूड काहीच कापायला नको." आमच्या छतावर ट्रस, म्हणजे छपर पेलणाऱ्या लाकडी कैच्या, आहेत, एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 24 इंच, म्हणजे मधली मोकळी जागा 22½ इंच. भोक त्या मोकळ्या जागेतच, ट्रसच्या दिशेनं लांबट घ्यायचं. ट्रसचं खालचं लाकूड नुसतं छत धरायला नसतं, ते अख्ख्या छपराचा ताण घेतं. ते कापायचं तर इंजिनियरची सही हवी. वर फळ्या टाकून वाटेल तेवढं सामान रचायलाही तुम्ही मनाई केलीत. मर्यादित सामानासाठी कोड दर चौरस फुटाला 20 पौंड धरतो आणि तेही ट्रस तशा भारासाठी बनवलेले असतील तरच. बिल्डरकडून ट्रसची ड्रॉइंग मागवून घ्यायला लावलीत, ती चष्मा वर करून तपासलीत, आणि मग सांगितलंत की मखर, पडदे, माळा चालतील, पुस्तकांची खोकी आणि पितळेची भांडी खालीच राहू देत.

माळ्याच्या आत गराज आणि घराच्या मधे छपरापर्यंत बोर्डाची भिंत चढवायचा पर्यायही तुम्ही मांडलात. तशी भिंत असती तर छताचं बंधन सैल झालं असतं. पण आमच्याकडे एसीचे डक्ट आणि वायरी नेमक्या तिथूनच जातात, आणि प्रत्येक भोक बंद करत बसण्यापेक्षा झाकणच नीट केलेलं बरं, हा तुमचा निर्णय अगदी योग्य होता.

झाकणाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. फेब्रुवारीतली थंड सकाळ तुम्ही मुद्दाम निवडलीत, कारण इथल्या उन्हाळ्यात माळ्यावर माणूस टिकत नाही. तुम्ही आणि ह्यांनी भोकाच्या चारही बाजूंना लाकडी चौकट उभी केली, इन्सुलेशन खाली ढासळू नये इतकी उंच. तिला आतून बोर्ड लावला. झाकणाला वर जाड प्लायवूड आणि फोम, खाली गराजच्या बाजूला टाइप एक्स. कडेनं उष्णता लागली की फुगून फट बुजवणारी पट्टी. बिजागरी लावलीत आणि मागे साखळी, म्हणजे झाकण सरळ उभ्याच्या अलीकडेच थांबतं आणि हात सोडला की आपल्या वजनानं मिटतं. सामान चढवताना दुसऱ्या माणसानं ते धरून उभं राहायचं हा नियमही तुमचाच, आणि आम्ही तो पाळतो. सांध्यांवर टेप आणि पुट्टी तुम्ही स्वतः फिरवलीत. मी म्हटलं, गराजच्या छताकडे कोण बघतं? तुम्ही म्हणालात, सांधा दिसायला वाईट असला तर चालेल, पण उघडा चालणार नाही.

जाता जाता स्वयंपाकघरात उघडणाऱ्या दाराची स्प्रिंगही बघितलीत. आधीच्या मालकानं ती सैल करून ठेवली होती. स्क्रूड्रायव्हरनं तुम्ही ती आवळलीत, दार आपोआप मिटतंय याची खात्री केलीत, आणि त्याबद्दल एक शब्दही बोलला नाहीत.

इन्स्पेक्टर आला तेव्हा त्यानं झाकण वर ढकललं, सोडलं, कडेनं बॅटरी फिरवली, तुम्ही हातानं काढलेला नकाशा बघितला आणि सही करून गेला. नकाशाची एक प्रत मागून घेतली त्यानं.

पैशांचं पाकीट तुम्ही परत केलंत. त्यावर मी वाद घालणार नाही. पण रात्री मुलांच्या खोलीचा दिवा मालवताना आता तुमची आठवण होते, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिलं. तुम्ही आमच्या लेकरांसाठी काय केलंत त्याची किंमत पाकिटात मावणारी नव्हतीच.

मंडळातल्या आणखी दोन घरांना अशीच वाट करून हवी आहे. त्यांना मी सांगितलंय की आधी परमिटच्या टेबलावर फोन करा, ट्रसची ड्रॉइंग मागवा, आणि मगच काकांना विचारा. तुमच्या गुडघ्यानं शिडी चढवत नसेल तर तुम्ही खाली खुर्चीवर बसून सांगा. वर चढून टेप धरायला मी येईन, झाकण धरायला हे येतील.

काकूंना नमस्कार.

तुमची,
मखरवाली सूनबाई