शिऱ्या, पोलो घेतली

पुणे,
४ नोव्हेंबर २०२५, रात्री साडेअकरा

प्रिय शिऱ्या,

दिवाळीत फोन केला नाही. तुझा पाडव्याचा मिस्ड कॉल अजून तसाच लाल दिसतोय, रोज बघतो आणि उद्या करू म्हणतो. घरी सगळे बरे. आईचं बीपी गोळीवर आहे, माझी पाठ आहे तशीच आहे. झालं.

आता कामाचं. पोलो घेतली. फोक्सवॅगनची जीटी टीडीआय, डिझेल, पांढरी. आणि सोळाशे सीसीची, पंधराशेची नाही. आता ओरडून घे, मग पुढचं वाच.

फोनवर हे सांगितलं असतं तर तुझा दुसरा प्रश्न "मॅप कधी करतोयस?", म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून पॉवर कधी वाढवतोयस, हाच आला असता, आणि मी नेमका तिथेच अडकलोय. म्हणून पत्र.

२०१३ ची ती टेस्ट ड्राइव्ह आठवते ना? दोघं इस्त्रीचे शर्ट घालून शोरूममध्ये गेलो होतो. सेल्समन मागे, तू स्टिअरिंगवर, मी बाजूला. बावधनच्या चढाला तिसऱ्यात जेमतेम दीड हजार आरपीएम असताना तू पाय दिलास आणि सीटने पाठीला धरलं. तू काहीच बोलला नाहीस, हे माझ्या आयुष्यात एकदाच घडलंय. एकशे पाच हॉर्सपॉवर आणि दीड हजारापासून २५० न्यूटन मीटर टॉर्क, तोही एवढ्याशा गाडीत! नंतर अमृततुल्यात बसून ब्रोशरच्या मागे तू लिहिलंस: "१०५ चे १४०, २५० चे ३२०, क्लच?" ते ब्रोशर माझ्याकडे आहे. तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात नुसतं "क्लच" वाचता येतं, बाकी मला पाठ आहे म्हणून.

तेव्हा आपल्या दोघांचे पगार एकत्र केले तरी हप्ता बसत नव्हता. आणि पुढच्या जुलैत फेसलिफ्ट आली, सोळाशेच्या जागी पंधराशेचं इंजिन आलं. म्हणजे आपली ती गाडी जेमतेम दहा महिने विकली गेली. इथे चाकणला, आपल्या नाकाखाली बनायची. २०२० ला प्रदूषणाचे बीएस सिक्स नियम आले तेव्हा कंपनीने डिझेलच थांबवलं, २०२२ ला पोलोही थांबली. आता जे आहे ते जुन्या बाजारात.

आठ महिने शोधत होतो. एका डीलरकडे मीटरवर अडुसष्ट हजार, आणि क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा पार गुळगुळीत. ड्रायव्हर सीटची उजवी कड, जिथे उतरताना मांडी घासते, ती बसलेली. तूच शिकवलंस ना, मीटर मागे फिरवता येतं, रबर नवं घातलं तर आणखी उठून दिसतं. त्याला म्हटलं सर्व्हिस रेकॉर्ड दाखवा, तर त्याने चहा मागवला. दुसरी गाडी दिल्ली पासिंगची निघाली. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार, म्हणून एनओसी काढून इकडे येतात. स्वस्त होती, पण तिचं बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

आणि मग कोथरूडचे काका. मीटर १,९४,०००. बंड्या तर आकडा ऐकूनच "भंगार घेतोस का?" म्हणाला. पण शिऱ्या, हे किलोमीटर बघ कसे झालेत. काका शिरवळच्या एका कारखान्यात होते. घर ते कारखाना पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रोज जाऊन येऊन, निवृत्त होईपर्यंत सहा वर्षं. एकदा कात्रज ओलांडलं की पाचवा गिअर. गावात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या डिझेलच्या टर्बोमध्ये काजळी साचते, त्या फिरत्या पात्या अडकायला लागतात, मग बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वर-खाली होतो आणि गाडी स्वतःच पॉवर कमी करून लिंप मोडमध्ये जाते. हिच्या पात्या रोज तासभर मोकळ्या श्वास घेत होत्या. शिवाय काकांकडे डायरी आहे. प्रत्येक वेळी डिझेल भरलं ती तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज. अठरा पॉइंट सहा, एकोणीस पॉइंट एक, पानंच्या पानं. मध्येच "हवा भरली", "शॉकअप मागचे दोन्ही". एका पानावर "सौ. ला घेऊन पाचगणी, ॲव्हरेज १७.२, ती चालवत होती."

मी डायरी वाचत सोफ्यावर अर्धा तास बसलो. काकूंनी दोनदा पोहे वाढले.

व्यवहार साडेतीन लाख म्हणता म्हणता तीन पंचावन्नवर अडला होता. मग काका मला घेऊन खाली पार्किंगमध्ये आले. म्हणाले, "मी हिला थंड असताना कधी दोन हजारांच्या वर नेलं नाही. बंद करायच्या आधी एक मिनिट आयडलला ठेवतो, टर्बोसाठी. हल्ली मुलं येतात, ते कॉम्प्युटर लावून पॉवर वाढवतात. तुम्ही तसं करणार नाही ना? आहे तशी चालवा." मी म्हटलं, "हो काका." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग तीन पस्तीस द्या."

वीस हजार, शिऱ्या. माझ्या त्या "हो"ची किंमत त्यांनी तिथल्या तिथे कमी केली.

त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हतो, खरंच सांगतो. मनात होतं की आधी गाडी ठीक करायची, बाकी नंतर बघू. आणि केली. रफिकभाईंनी तीन दिवस घेतले. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलले, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो आणि त्या इंजिनात पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. चारही इंजेक्टरची रिटर्न टेस्ट केली, चौघांचं डिझेल जवळजवळ सारखं परत आलं, रफिकभाई बाटल्या उजेडात धरून मला बोलावून दाखवत होते. इंटरकूलरच्या पाइपला बारीक चीर होती, तिथून तेलाचा ओला डाग. तो बदलल्यावर दोन हजारांच्या खाली जी किंचित मरगळ होती ती गेली. धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमधून मूठभर काजळी निघाली. लोअर आर्मचे बुश, पुढच्या डिस्क, चार टायर. ब्याण्णव हजार. मुग्धाला खरा आकडा सांगितला. तिने फक्त "आता बास ना?" विचारलं.

परवा रविवारी पहाटे पाचला एकटाच खंबाटकीला गेलो. समोर उसाचे दोन ट्रक होते. ते डाव्या बाजूला झाले आणि मी तिसऱ्यात, सोळाशे आरपीएमवर पाय दिला. शिऱ्या, बारा वर्षं आपण त्या एका चढाबद्दल बोलतोय, तुला काय सांगू. ती सीट. तीच ती सीट. वर पोहोचल्यावर गाडी बाजूला घेतली, एक मिनिट आयडलला ठेवली (काकांची सवय लागली) आणि मग बंद केली. खाली खंडाळ्याचे (लोणावळ्याजवळचं नव्हे, साताऱ्याकडचं) दिवे होते. मला पुरेसं वाटायला हवं होतं. आणि मी मनात म्हणत होतो, हिच्यात अजून पस्तीस आहेत.

दुपारी भोसरीच्या ट्यूनरकडे गेलो. त्याने लॅपटॉप लावून मला तिसऱ्या गिअरमध्ये दीड ते चार हजार एकदा पळवायला लावलं. स्क्रीनवर दोन रेषा: इंजिनने मागितलेला बूस्ट आणि टर्बोने दिलेला. एकमेकींवर बसल्या होत्या. इतक्या रनिंगच्या गाडीत असा लॉग क्वचित दिसतो म्हणाला. पोरगा समजदार आहे. उगाच फुशारकी मारत नाही. दोन हजारांच्या खाली टॉर्क वाढवणारच नाही म्हणतो, कारण खाली दिलेला धक्का क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील खातो. इंधन वाढेल ते हवेच्या हिशोबाने, काळा धूर निघू देणार नाही. १३५ वर थांबू म्हणाला. मूळ फाइल जपून ठेवेल, कधीही परत घालता येईल. शनिवारी सकाळी दहाची वेळ दिलीय.

विम्याचं आहेच. कंपनीला कळवलं नाही तर उद्या क्लेमला हात वर करायला त्यांना निमित्त. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं, बंड्याने वाचून दाखवलं आणि मॅपने आरसीवरचं काही बदलत नाही असा निकालही देऊन टाकला. काकांबद्दल त्याचं म्हणणं, "गाडी तुझ्या नावावर झाली, विषय संपला." बंड्याचा विषय नेहमीच लवकर संपतो. त्याने स्वतःच्या बायकोला मागणीसुद्धा एका मिनिटात घातली होती, त्यातला अर्धा मिनिट पार्किंग शोधण्यात गेला.

पण माझा विषय संपत नाहीये, आणि का ते फक्त तुला सांगता येईल. मामाची ती यामाहा आरएक्स बाइक.

मामाने चावी देताना एकच अट घातली होती, पोर्टला, म्हणजे इंजिनात हवा-धूर ये-जा करायच्या वाटेला, कानस लावायची नाही. आपण दोघांनी मान डोलावली. मग तू लावलीस. पोर्ट मोठं केलंस, कार्ब्युरेटरचं जेट तेच ठेवलंस, पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ झालं आणि दिवे घाटात तिसऱ्या वळणावर पिस्टन ब्लॉकमध्ये चिकटला. मागचं चाक लॉक झालं. तुझं कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, माहीत आहे मला. मी सहा महिने तुझ्याशी बोललो नाही. "मामाला शब्द दिला होतास" हे वाक्य मी तुला कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर ऐकवलं. बंड्या मध्ये पडला तर त्यालाही ऐकवलं.

शिऱ्या, मला माहीत होतं.

तू सांगितलं नव्हतंस, पण आठवडाभर आधी गाडी लावताना मी आवाज ऐकला होता. पाच हजारांच्या वर तो आवाज बदलला होता, मोकळा झाला होता. आणि मला आवडला. मी आठवडाभर ती गाडी रोज नळ स्टॉपपासून पुढे उगाच फिरवली त्या आवाजासाठी. पहिल्या दिवशी थांबवून "जेट बदललंस का?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. विचारलं असतं तर मला माहीत आहे हे उघड झालं असतं. आणि मामासमोर उभं राहिलो तेव्हा म्हणालो, मला काही कल्पना नव्हती. मामा म्हणाला, तुझा मित्र बरा नाही. मी गप्प बसलो. त्यानंतर तू मामाकडे कधी गेला नाहीस, आणि तू का येत नाहीस असं मीही तुला कधी विचारलं नाही.

बावीस-तेवीस वर्षं झाली. काका पार्किंगमध्ये "आहे तशी चालवा" म्हणाले तेव्हा हेच डोळ्यांसमोर आलं, आणि तरी तोंडातून "हो" गेलं. रविवारी घाटात कळलं की मी पुन्हा तेच करणार आहे. फरक इतकाच की डिझेलचं उलटं असतं. पेट्रोल कमी पडलं की पिस्टन जळतो, डिझेल जास्त झालं की. आणि भोसरीचा पोरगा तुझ्यापेक्षा जास्त मोजून मापून काम करतो. इंजिनाची मला भीती नाहीये. लॉग चांगला आहे, ती १३५ सहज सोसेल.

मुग्धाला आरएक्सची अर्धीच गोष्ट माहीत होती, मी सगळ्यांना सांगतो ती. काल रात्री पूर्ण सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शिरीषला सांगितलंस?" म्हणून हे पत्र.

तुझं काय चाललंय? बदली झाली की बडोद्यातच ठेवतायत? सानूची दहावी ना यंदा, तिला गणिताला माझी आठवण काढू नकोस म्हणावं, वाटोळं होईल. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्या आंब्याच्या लोणच्याची बरणी रिकामी होऊन दोन महिने झाले, तीही आठवण करून देतो.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला काकांकडे जातोय. त्यांना फोन केला, "गाडी बरी आहे ना?" हाच पहिला प्रश्न. डायरी घेऊन जाणार आहे, मी ती पुढे चालू ठेवलीय, शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे: खंबाटकी, १८.४. आणि पाकिटात वीस हजार. मला काय करायचंय ते सांगणार, लॉगचा प्रिंट दाखवणार, पैसे पुढे ठेवणार आणि विचारणार. नको म्हणाले तर पैसे घेऊन परत येईन आणि भोसरीला फोन करून वेळ रद्द करेन. अजून रद्द केलेली नाही.

मामाला आता कमी ऐकू येतं. डिसेंबरात तू येशील तेव्हा आपण दोघं पोलोतून जाऊ त्याच्याकडे. मी बोलेन. तू फक्त शेजारी बस.

तुझा,
मंद्या

ता. क. क्लच १,३१,००० ला बदललाय, डायरीत पावती चिकटवलेली आहे. काकांना पहिला प्रश्न तोच विचारला होता.