डिचोलीच्या आमच्या योगशिक्षिका बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

मी त्राटक, म्हणजे एका जागी नजर स्थिर ठेवण्याचा अभ्यास, शिकायला आले, तेव्हा ज्योतीसमोर बसवण्याआधी तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. बाबांना काचबिंदू आहे हे कळल्यावर तर डोळ्यांचा दाब तपासल्याशिवाय सुरुवात करायची नाही, असं बजावलंत. फिट्स येतात का, डोकं दुखतं का, तेही विचारलंत. त्या काळजीबद्दल सगळ्यात आधी आभार.

‘हठयोगप्रदीपिका’ या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात त्राटक षट्कर्मांमध्ये, म्हणजे शुद्धीच्या सहा क्रियांमध्ये येतं. सूक्ष्म लक्ष्याकडे अश्रू येईपर्यंत निश्चल नजरेने पाहावं, असं तिथे म्हटलंय. ते वाचून कितीतरी जण डोळे ताणत बसतात. तुम्ही सांगितलंत, पापणी लवली नाही की डोळ्यावरचा ओलावा सुकतो, म्हणून चुरचुरतं. चुरचुरलं की मिटायचे, हट्ट नाही. सुरुवातीला मिनिटभर पुरे. मग मिटल्या डोळ्यांत ज्योतीचा ठसा उमटतो, तो विरेपर्यंत त्याच्याकडे पाहायचं. मला हाच भाग फार प्रिय आहे. ठसा पकडायला गेलं की निसटतो. शांत पाहत राहिलं की थोडा वेळ टिकतो. मन एका जागी बसणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

चष्मा किंवा लेन्स काढून, समईची ज्योत नजरेच्या रेषेत, हातभर किंवा थोडी अधिक लांब. पंखा बंद. मे महिन्यात आपल्याकडे पंख्याविना बसवत नाही, म्हणून पहाटेची वेळ दिलीत. पावसाळी वाऱ्यात ज्योत ठरेना, तेव्हा भिंतीवरचा काळा ठिपका चालेल म्हणालात. आणि मिरामारच्या समुद्रकिनाऱ्यावर मावळत्या सूर्यावर नजर लावून बसणाऱ्यांबद्दल किती कळकळीने बोललात! सूर्याने डोळ्याचा पडदा जळतो आणि पडद्याला वेदना नसते, त्यामुळे इजा होताना कळतही नाही. हे मी भेटेल त्याला सांगते.

पणजीत मी मुद्रितशोधन करते. आता हातातलं प्रूफ संपेपर्यंत फोनकडे हात जात नाही. ओळीवरची नजर ओळीवर राहते. हे तुमच्यामुळे.

बाबांनाही शिकायचंय. त्यांना ज्योत नको, श्वासावर लक्ष ठेवायला शिकवेन, असं तुम्ही म्हणाला होतात. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की त्यांना घेऊन येते.

आपली,
वर्गातली एक विद्यार्थिनी